चौदा नंबरची खाट

"नणंदेचे मूळ कागद कॉलेजवाल्यांच्या हातात सोडू नको. आणि त्यांच्या दवाखान्यात खरे पेशंट हायत काय, ते आधी तुझ्या डोळ्यानं बघून ये," असं जयलक्ष्मी सिस्टर म्हणाल्या तेव्हा हेमावतीचं सगळं लक्ष लेकीच्या, उत्तराच्या, मांडीकडं होतं. चार महिन्यांची पोर, सुई टोचल्याबरोबर काळीनिळी होऊन रडत होती. उपकेंद्राच्या ओट्यावर रांगेत आणखी सात-आठ बायका होत्या, आणि सिस्टर कापसाचा बोळा चोळता चोळता, मान वर न करता बोलत होत्या.

"नोडव्वा, बघ बाई, सव्वीस वर्षं झाली मला या खात्यात. गल्लोगल्ली नर्सिंग कॉलेज निघूलाय हल्ली. दिल्लीच्या कौन्सिलची मान्यता असल्याशिवाय नाव चढत न्हाई रजिस्टरात. नाव न्हाई तर नर्स न्हाई. हे बोर्डावर लिहून ठेवत न्हाईत ते लोक."

"बघते," हेमावती म्हणाली, आणि पोरीला पदरात घेऊन निघाली.

घरी येऊन तिनं नवऱ्याला सांगितलं ते हसतच. "दहावी होऊन दाईचं ट्रेनिंग केलेली बाई. तिला बी.एस्सी. नर्सिंगमधलं काय कळणार? उद्या गावात तिच्या वरची सिस्टर आली तर हिला कोण विचारील, ही भीती."

प्रवीण अळणावरच्या लाकडाच्या गिरणीत करवतीवर होता. कानात भुसा गेलेला असायचा, त्यामुळं त्याला अर्धं ऐकू यायचं. तो म्हणाला, "तू शिकलेलीस. तुला बरोबर वाटतंय नव्हं? मग झालं."

घरात शिकलेली अशी ती एकटीच. धारवाडात कोर्टात नकलनवीस होते तिचे वडील. त्यांनी हौसेनं तिला बी.एस्सी. केलं, वनस्पतिशास्त्र आणि रसायन घेऊन. पुढं दोन वर्षं एका खासगी शाळेत तिनं तिसरीला पाढे शिकवले. प्रयोगशाळेच्या साहाय्यकाच्या एका जागेसाठी मुलाखतीला गेली तर तिथं एकशेचाळीस जणी बसलेल्या. मग वडील वारले, आणि अळणावरपासून चार मैलांवरच्या या गावात, भाताची दोन शेतं आणि करवतीवरची नोकरी बघून, तिचं लग्न झालं.

नणंद सविता बारावी सायन्सला चांगल्या मार्कांनी पास झाली ते दोन हजार तीन साल. सविताला बी.एस्सी.च करायचं होतं. कांद्याचा पापुद्रा काचेवर ठेवून सूक्ष्मदर्शकातून बघितला की विटांच्या भिंतीसारखा दिसतो, हे वैनीनंच तिला कधीतरी सांगितलेलं. रेल्वेचा पास काढायचा, धारवाडला जायचं, संध्याकाळी परत; सगळं तिनं मनाशी ठरवून ठेवलेलं होतं.

हेमावतीनं ट्रंकेतून आपलं पदवीचं सर्टिफिकेट काढलं आणि सासऱ्यांच्या पुढ्यात ठेवलं.

"मामा, हे बघा. हे मिळवायला तीन वर्षं गेली. आज मी तुमच्या परड्यात शेण काढते."

गोपाळमामांना वाचता येत नव्हतं. त्यांनी कागदाला बोट लावलं नाही, धोतराला हात पुसले आणि नुसते बघत राहिले. सासू सीताबाई चुलीपुढून म्हणाली, "शेण काढायला लाज कसली गे? आम्ही जन्मभर काढलं."

"लाज नाही आत्या. पण त्यासाठी बी.एस्सी. लागत नाही. नर्सिंगचं तसं नाही. कोर्स संपला की दुसऱ्या दिवशी नोकरी. धारवाडातल्या आमच्या शेजारची मुलगी दुबईला गेली, बापाला स्लॅबचं घर बांधून दिलं. जगात माणसं आजारी पडायची थांबणार आहेत काय?"

"मला रक्त बघवत न्हाई, वैनी," सविता दारातून म्हणाली.

"सवय होते. मलाही शेणाची नव्हती."

प्रवीण हसला. सविता हसली नाही. आठ दिवसांनी तीच म्हणाली, "तू म्हणतीस ते बरोबरच असंल." तेव्हा हेमावतीला वाटलं, आपली तीन वर्षं निदान कुणाच्या तरी उपयोगी पडली.

खालचं शेत, पाण्याजवळचं, चार पिकांसाठी गावातल्या यशवंतला आगाऊ पैसे घेऊन खंडानं दिलं, त्यातून कॉलेजची सोय झाली. हुबळीच्या विद्यानगरात तीन मजली इमारत, दारात फुलझाडांच्या कुंड्या, भिंतीवर हातात दिवा धरलेल्या बाईचं चित्र. माहितीपुस्तक इंग्रजीत होतं. हेमावतीनं ते काउंटरपाशी उभं राहून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, सगळ्यांना दिसेल असं. 'मान्यतेसाठी अर्ज केलेला आहे' असं एक वाक्य त्यात होतं. तिनं ते वाचलं, आणि मान्यता आहे असंच धरून ती पुढं गेली.

व्यवस्थापक श्रीकांत सर गोड बोलणारे. "ओरिजिनल मार्क्सकार्ड इथंच राहू द्या मॅडम. खेड्यात उंदीर असतात." मॅडम म्हणाले म्हणून की काय, हेमावती पण हसली, आणि दहावी-बारावीचे कागद तिनं आपल्या हातानं काचेखालून सरकवले.

*

पहिली दोन वर्षं सविता सुट्टीला आली की पांढरा गणवेश दोरीवर वाळत असायचा आणि गल्लीतल्या बायका मुद्दाम थांबून बघायच्या. एका दिवाळीत भांडी घासता घासता ती म्हणाली, "वैनी, आम्ही अजून बाहुलीलाच सुया टोचूलाव. दवाखान्यात म्हणून नेतात ते महिन्यातनं दोनदा, तिथं पण भिंतीला लागून उभं राहायचं."

"पुढच्या वर्षी नेतील. आधी पाया पक्का करतात," हेमावती म्हणाली. कॉलेजात शिकलेलं आपल्यालाच ठाऊक, अशा आवाजात म्हणाली.

दोन हजार पाचच्या आषाढात भांगलण ऐन भरात होती. आठ दिवस पावसानं उसंत दिली नव्हती. भातापेक्षा गवत वर गेलेलं. सीताबाई यशवंतकडं मजुरीच्या बायकांत जायची, आणि ते शेत म्हणजे तिचंच खालचं शेत. गोणपाटाची खोळ डोक्यावर, गुडघे चिखलात, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होऊन पांढऱ्या पडलेल्या. बांधावर छत्री घेऊन उभा असलेला यशवंत म्हणायचा, "सीताक्का, त्या कोपऱ्यात लव्हाळा लई येतोय. तुम्हाला ठाऊकच असंल." बायका खाली मान घालून हसायच्या. सीताबाई खुरपं चालवत राहायची. त्या कोपऱ्यातला लव्हाळा तिला वीस वर्षांपासून ठाऊक होता.

त्या बुधवारी सविता अवचित घरी आली. स्टेशनपासून चालत, चिंब भिजलेली.

"परवा तपासणी हाय कॉलेजात. मान्यतेची. सरांनी सांगितलंय, दवाखान्यात शंभर खाटा दाखवायच्या हायत, पेशंट साठच हायत." ती थांबली. "साठ पण न्हाईत. सरांनी प्रत्येकीला गावाकडनं जमतील तेवढी माणसं आणायला लावलंय. टेम्पो येतोय. जेवण हाय, जाताना चादर देणार हायत."

"आणि न्हाई आणली तर?" प्रवीणनं विचारलं.

"तपासणी नापास झाली तर आमचं वर्ष गेलं म्हणाले. सगळ्यांचंच."

 पन्हाळीतून पाणी पडत होतं. हेमावतीला त्या क्षणी जयलक्ष्मी सिस्टर आठवल्या, अगदी कापसाच्या बोळ्यासकट. पण दोन वर्षं गेली होती, शेत गेलं होतं. ती म्हणाली, "एका दिवसाचा तर प्रश्न आहे. एकदा मान्यता मिळाली की खरे पेशंट येतीलच. मी येते आत्यांबरोबर."

शुक्रवारी गावातून अकरा बाया टेम्पोत चढल्या. यशवंतनं बांधावरून शिव्या दिल्या, तरी चढल्या. जत्रेला निघाल्यासारख्या नटून. कुणी नाकात नथ घातलेली. हेमावती म्हणाली, "अगं, आजारी आहात तुम्ही, नथ काढा," तर मंडळी हुबळी येईपर्यंत हसत होती.

दवाखाना कॉलेजच्या मागं. रंगाचा वास, नव्या गाद्यांवरचं प्लॅस्टिकही निघालेलं नव्हतं. सविताच्या वर्गातल्या पोरी गडबडीनं बायकांना झगे घालत होत्या. सीताबाईच्या वाट्याला चौदा नंबरची खाट आली. पायथ्याच्या पाटीवर तिचं नाव, आणि खाली इंग्रजीत आजार.

"काय झालंय गे मला?" सीताबाईनं विचारलं.

"हर्नियाचं ऑपरेशन. परवा झालं."

"अगंबाई! आणि कापलं कुणी?"

पलीकडच्या खाटेवरची म्हणाली, "तुझं बरं हाय. मला मूल झालंय म्हणे काल. नवरा वारून सहा वर्षं झाली माझा!" पोरींना हसू आवरेना. सविता मात्र आपल्याच आईच्या पोटावर चिकटपट्टी लावताना गंभीर होती. तिच्या बोटांना कंप नव्हता. कापसाच्या घड्या एकसारख्या, कडा सरळ. हेमावतीनं ते बघितलं. पोरगी कामाला फार चांगली होती.

दुपारी तपासणीची माणसं आली. दोन पुरुष आणि चष्म्याची एक बाई. पुरुष दारातूनच वह्या बघून गेले. बाई मात्र एकेका खाटेपाशी थांबत होती. दहा नंबरपाशी थांबली, बारापाशी थांबली, चौदापाशी आली.

"ऑपरेशन कधी झालं आज्जी?" तिनं कन्नडात विचारलं.

सीताबाईनं तोंड उघडलं. तिची नजर छताकडं गेली, मग सविताकडं. सविता खाटेच्या पायथ्याशी ताठ उभी, ओठ पांढरे. तिच्या मागं श्रीकांत सर.

हेमावती उत्तराला मांडीवर घेऊन स्टुलावर बसली होती, पेशंटची नातेवाईक म्हणून. ती उठली आणि इंग्रजीतून बोलली. आज तिसरा दिवस, रात्री थोडा ताप होता, आता उतरला, टाके कोरडे आहेत, सासूबाई जरा भित्र्या आहेत. वाक्यामागून वाक्य. इतकं सलग इंग्रजी ती लग्नानंतर कधी बोललीच नव्हती.

बाईनं चष्म्यातून तिच्याकडं बघितलं. "तुम्ही शिकलेल्या दिसता."

"बी.एस्सी., मॅडम."

"छान. काळजी घ्या यांची." बाईनं वहीत काहीतरी लिहिलं आणि पंधरा नंबरकडं वळली. मागून एका कारकुनानं येऊन 'उपचाराबद्दल समाधानी' अशा कागदावर सीताबाईचा अंगठा घेतला, आणि साक्षीदार म्हणून खाली हेमावतीची सही.

परतीच्या टेम्पोत बायका चादरी उलगडून बघत होत्या. सविता त्यांना पोचवायला चौकापर्यंत आली होती. ती खिडकीशी येऊन म्हणाली, "वैनी, त्या बाईनी पट्टी सोडून दाखवा म्हटलं असतं तर?"

"म्हटलं नाही ना," हेमावती म्हणाली. तिच्या आवाजात गर्व होता. पुढं कितीतरी दिवस भाकरी थापताना तो आवाज तिला ऐकू यायचा, आणि थापता थापता हात थांबायचा.

*

त्यानंतर वर्षभरानं आणखी एक पथक आलं, ते न सांगता. वार्डात चार पेशंट होते आणि खाटांवर धूळ; मान्यता काढून घेतली गेली. हे सविताला फार उशिरा समजलं. दोन हजार सातच्या उन्हाळ्यात शेवटच्या परीक्षेची हॉलतिकिटं आलीच नाहीत. आज येतील, उद्या येतील, करत पेपर सुरू होऊन संपलेसुद्धा. वर्गातल्या एकोणचाळीस पोरी ट्रंका घेऊन फाटकाबाहेर उभ्या राहिल्या.

हेमावती आणि प्रवीण सविताला घेऊन विद्यानगरला गेले. प्रवीणनं गिरणीचा खाडा केला, धुतलेला सदरा घातला. कुंड्यांतली झाडं वाळलेली. खालच्या मजल्यावर कॉम्प्युटर क्लासचा बोर्ड लागला होता. श्रीकांत सर वर एका खोलीत पंख्याखाली बसले होते. चहा विचारला त्यांनी.

"आमची पोर चार वर्षं शिकली," प्रवीण म्हणाला. "तिचं काय ते सांगा. न्हाईतर आम्ही पोलिसात जाणार, पेपरात देणार."

सरांनी फाइल काढली. सावकाश, बोट लावून पानं उलटली आणि एक कागद त्यांच्यापुढं फिरवला.

"जावा की. पण आधी घरी जाऊन आईला विचारा, हर्निया कुठल्या बाजूला होता ते. हा अंगठा कुणाचा? आणि ही सही?" ते हेमावतीकडं बघून हसले. "मॅडमचं इंग्रजी फार छान होतं त्या दिवशी. फसवणूक म्हणायची तर ती सगळ्यांनी मिळून केलेली आहे."

प्रवीणला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण बायकोची सही ओळखता येत होती.  त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, आणि मग परत डोक्यावर ठेवली.

"निदान माझे मार्क्सकार्ड तरी द्या सर," सविता म्हणाली.

"देतो की. इथं सही कर." कन्नडात टाइप केलेला कागद होता: घरगुती अडचणीमुळं मी स्वखुशीनं शिक्षण सोडत आहे. हेमावतीनं तो वाचला. "सवू, थांब, हे असं—"

सवितानं तिच्या हातातून कागद घेतला आणि सही केली.

पावसाळ्यात दोघी धारवाडला गेल्या, त्याच कॉलेजात जिथं हेमावती शिकली होती. कारकून म्हणाला, "चार वर्षं कुठं होता? दाखल्यावर तर मधेच सोडलं असं लिहिलंय. वरच्या साहेबांना विचारावं लागेल." वरचे साहेब रजेवर होते. नंतरही ते रजेवरच होते. सविताबरोबर बारावी झालेली, बी.एस्सी. केलेली मैत्रीण हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात कापडाच्या दुकानात ब्लाउजपीस मोजून द्यायची. तिच्याकडं बघून पूर्वी हेमावती म्हणाली असती, 'बघ, सांगितलं नव्हतं?' आता तिथून जाताना ती दुसऱ्या बाजूला तोंड करायची. त्या पोरीचं सर्टिफिकेट खरं होतं. तिला पुढंमागं बी.एड. तरी करता आलं असतं.

हुबळीतच कमरीपेठेतल्या एका नर्सिंग होममध्ये सविता लागली. डॉक्टरांनी पहिल्या दिवशी विचारलं, "रजिस्ट्रेशन नंबर?" नंबर नाही म्हटल्यावर त्यांनी आयांच्या यादीत नाव घातलं. बेडपॅन, उलट्या, फरशी. सुई लावायची वेळ आली की शीर सापडायची नाही कुणाला, मग हळूच हिलाच बोलवायचे, आणि डॉक्टर आले की हिच्या हातात पुन्हा फडकं. पेशंट तिला सिस्टर म्हणायचे. मोठी सिस्टर सगळ्यांसमोर सांगायची, "सिस्टर न्हाई हो ती. आया हाय. आया म्हणा."

घरी आली की ती हात साबणानं कोपरापर्यंत धुवायची, कॉलेजात शिकवल्याप्रमाणं, बोटांच्या बेचक्यांतून. सीताबाई बघत बसायची. एकदा ती म्हणाली, "माझ्या अंगठ्यानं झालं गे हे सगळं." सविता म्हणाली, "न्हाई अव्वा, तुला काय ठाऊक होतं?" ती हेमावतीकडं बघून बोलली नव्हती. तरी हेमावती चुलीपासून उठून परड्यात गेली.

दोन हजार आठच्या संक्रांतीनंतर सवितानं पिशवी भरली. पुण्याच्या कुठल्याशा ब्युरोकडून काम आलं होतं. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाजवळ चोवीस तास राहायचं, खाणंपिणं तिथंच. ब्युरोचा छापील कागद तिच्या हातात होता.

"दाखव तरी," हेमावतीनं हात पुढं केला. "काय काय लिहिलंय ते मी—"

"वैनी," सविता म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "आता तू काही वाचू नको."

कागद घडी घालून तिनं पोलक्यात ठेवला. पाच वर्षांच्या उत्तरानं विचारलं, "आत्ते, तू कधी येणार?" तर तिनं पोरीच्या गालावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. प्रवीण तिला स्टेशनवर सोडून आला आणि तसाच गिरणीला गेला.

पहिले दोन महिने दर रविवारी फोन यायचा. आज्जींना पाठीला जखमा आहेत, दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, माणसं बरी आहेत. जेवलीस का विचारलं की म्हणायची, "होय गे, जेवले." एकदा मागं कुणीतरी ओरडलं आणि फोन बंद झाला. मग दुसरं घर लागलं एवढंच सांगितलं, कुठलं ते नाही. चैत्रापासून तिचा नंबर लागत नाही. ब्युरोच्या नंबरावर एक माणूस मराठीत म्हणतो, अशा खूप मुली असतात हो आमच्याकडं. प्रवीण दोन दिवस जाऊन आला. एवढ्या मोठ्या गावात नाव-पत्त्याशिवाय कुठल्या घराची घंटा वाजवायची, ते त्याला कळेना.

म्हणून हेमावतीचं तुमच्याकडं एक मागणं आहे. पुण्यात तुमच्या जिन्यावर, शेजारच्या फ्लॅटमध्ये कुणी म्हातारं माणूस अंथरुणावर असेल, आणि त्याच्याजवळ एखादी बारकी, सावळी, तेविशीची मुलगी ठेवलेली असेल, 'करूलाय', 'जाऊलाय' असं बोलणारी, तर दार वाजवा. साखर मागायचं निमित्त करा, काहीही करा. घरच्या माणसांसमोर विचारू नका; ती कचरा टाकायला खाली आली की विचारा, सविता काय तू, अळणावरकडची? आणि हो म्हणाली, तर जेवलीस का ते विचारा. होय म्हणाली तरी लगेच खरं मानू नका. थोडा वेळ तिथंच उभ्या राहा.